कारखान्याचा पाळणा

माझ्या सासऱ्यांनी जन्मात एकच गोष्ट निव्वळ हौसेनं केली, ती म्हणजे आकाशपाळणा. लग्न, शेती, नोकरी, लेकरंबाळं हे सगळं त्यांच्या म्हणण्याप्रमाणं "आपोआप होत गेलं."

आमच्याकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात ते फिटर होते. कारखान्यातले लोक त्यांना मिस्तरी म्हणत, मी मामा म्हणायची. कारखान्याला बरे दिवस होते तेव्हा संचालक मंडळ दौऱ्यावर गेलं आणि दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्याची बाग बघून आलं. आल्या आल्या ठराव झाला: त्यान्ला बाग हाय, मग आपल्याला कावून न्हाई? झुकझुक गाडी आली, घसरगुंडी आली, बोटीचं तळं झालं, सिमेंटचा एक मोर झाला ज्याच्या चोचीतून कारंजं उडायचं. आकाशपाळण्याची किंमत ऐकून मात्र मंडळानं विषय पुढं ढकलला. तेव्हा मामा उठून म्हणाले, "वर्कशॉपात एवढं भंगार पडलंय. मी करतो."

आणि केला त्यांनी. ऊस उचलायच्या जुन्या क्रेनचा गिअर, ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीवरची काढून टाकलेली मोटर, जाड पत्र्याच्या आठ पेट्या. पाळणा असा मजबूत झाला की त्यात हत्ती बसला असता. फक्त हत्तीला कंटाळा आला असता. ऊस उचलायचा गिअर तो, त्याला घाई ठाऊकच नव्हती. खाली बसताना माणसानं तंबाखू मळायला घेतली तर वर पोहोचेपर्यंत मळून, झटकून, तोंडात टाकून व्हायची.

माझं माहेर धर्मापुरी. सोयरीक जमवताना मध्यस्थानं मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, "पोराच्या बापाचा स्वतःचा आकाशपाळणा हाय." माझ्या आईनं ऐकलं आणि तिला वाटलं, हे जत्रेजत्रेनं हिंडणारे लोक. माझी लेक आता तंबूत नांदणार म्हणून ती दोन दिवस जेवली नाही. शेवटी माझे वडील स्वतः येऊन पाळणा बघून गेले आणि परत जाऊन म्हणाले, "काळजी करू नको. तो पाळणा जागचा हलत न्हाई. फिरताना सुदिक."

आता खरं सांगायचं तर मला स्वतःला जत्रेतलाच पाळणा आवडायचा. चैत्रात देवाची जत्रा भरायची ती बागेच्या कुंपणाला लागूनच्या माळावर. ट्रकमधून लोखंडाच्या सळया उतरायच्या, संध्याकाळपर्यंत त्यांचं चक्र उभं राहायचं. लाल-हिरवे दिवे, कर्ण्यावर गाणी, आणि पदर सावरू न देणारा वेग. त्याची मालकीण एक उंच, मोठ्या कुंकवाची बाई होती. नवरा इंजिनाजवळ, ही तिकिटाजवळ. गर्दी ओसरली की ती कुंपणाशी यायची आणि मामांना डिवचायची.

"काय मिस्तरीमामा, गेल्या जत्रेला वर गेलेली माणसं उतरली का?"

"उतरली की. तुमच्यातली मात्र उतरून अजून ओकती हायत म्हनं."

"आमचा पाळणा दर आठ दिवसाला नवा होतो, मामा. गाव बदललं की नवा. तुमचा मात्र त्याच त्या लोकांनी किती दिवस बघावा?"

ह्यावर मामा पाठ फिरवायचे. ते पाळण्याच्या खांबाला फडकं मारायला लागायचे. त्या बाईच्या बोलण्यात खोट नव्हती. तिचा पाळणा माणसं असतील तिथं जायचा. आमच्या पाळण्याला माणसांची वाट बघावी लागायची, आणि बागेकडे येणारी वाट वर्षावर्षाला ओस पडत चालली होती.

मग ते छावणीचं वर्ष आलं. पाऊस पडला नाही म्हणून ऊस नाही, ऊस नाही म्हणून गाळप नाही. कारखान्यानं बागेतच जनावरांची छावणी उघडली. झुकझुक गाडीच्या रुळांना दावणी बांधल्या. घसरगुंडीवरून चाऱ्याच्या पेंढ्या सोडायला लागले, आणि मी सांगते, घसरगुंडीचा इतका चांगला उपयोग आधी कधी झाला नव्हता. बोटीच्या तळ्यात पाणी नव्हतं, पण बोट होती, तिच्यात कुणाच्या तरी शेळ्या बसून असायच्या. आसपासच्या गावांतली माणसं जनावरांबरोबर तिथंच मुक्कामाला आली. त्यांचा सगळा जीव दिवसातून एकदा येणाऱ्या टँकरवर. सड्यासारखं टाकलेलं पाणी बघितलं तरी बाया हळहळायच्या.

त्यातच चेरमनसाहेबांनी मामांना बोलावून घेतलं. "मिस्तरी, लोखंडाला भाव बरा आलाय. पाळणा नुसताच उभा हाय. विकून टाकू."

मामांनी टोपी काढून हातात घेतली. साहेबांना बहुतेक त्यांच्याकडे बघवलं नाही. म्हणाले, "बरं, असं करू. जत्रेच्या दिवशी दुपारी मी येतो. आठच्या आठ पेट्या एका टायमाला भरलेल्या दाखवा. भरल्या तर राहू द्या. न्हाई भरल्या तर मंडळापुढं विषय घेतो."

मामा घरी आले ते न जेवताच झोपले. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला हळूच विचारलं, "आठ पेट्यांत माणसं किती मावतात गं?" मी हिशेब सांगितला. त्या म्हणाल्या, "तेवढे तर आपले सोयरेच हायत. पन ते धा वर्षांपूर्वी एकदा बसलेत, त्यामुळं येनार न्हाईत."

जत्रेच्या दिवशी सकाळपासून मामा धुवट धोतर नेसून पाळण्याजवळ. फुकट, फुकट म्हणून ओरडून त्यांचा घसा बसला. छावणीतल्या बाया गोळा व्हायच्या, बघायच्या, पण पेटीत कुणी पाय ठेवेना. एकीनं मला कारण सांगितलं. "ताई, दावणीला बैलाची हाडं मोजता येतात आन आमी पाळण्यात बसावं? पाव्हण्यांनी बघितलं तर काय म्हनतील?"

आत्याबाईंनी हे ऐकलं आणि पदर खोचला. "माझ्याएवढी म्हातारी बसली म्हंजे बाकीच्यांना लाजायचं काम न्हाई. चल गं."

'चल गं' मला होतं. आता इथं सांगितलं पाहिजे की उंचीला मी फार भिते. माळ्यावरचं डाळीचं डबडं काढायला मी शेजारच्या पोरीला बोलवायची. पण सासूनं चल म्हटल्यावर सून कुठं जाणार? वर.

पेट्या भरताना मोटर चालवायची नसते. गिअर सोडवून पाळणा हातानं ओढायचा आणि लाकडी ब्रेकवर पाय देऊन थांबवायचा, अशी मामांची रीत. एक पेटी भरली की समोरची भरायची, म्हणजे तोल राहतो. आम्ही दोघी पहिल्या पेटीत. मामांनी अर्धा फेरा ओढला, आम्ही टोकाला. खालच्या पेटीत धीर करून तीन बाया बसल्या. मामांचा पाय ब्रेकवर. आणि मग सगळं थांबलं.

काळी-पिवळी जीप जशी भरल्याशिवाय हलत नाही, तसा हा पाळणा. फरक एवढाच की जीपमध्ये वाट बघणारे जमिनीवर असतात. मी डोळे घट्ट मिटून रामरक्षा म्हणत होते आणि आत्याबाई मजेत पान लावत होत्या. "अगं डोळे उघड, तुझं माहेर दिसतंय का बघ." बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "रांग लागली गं खाली!"

खरंच लागली होती. दोघी सासूसुना वर निवांत बसलेल्या बघून लोकांचा संकोच मोडला होता. मामा माणसं मोजत होते, हसत होते. मीही धीर करून पहिल्यांदाच लांब नजर टाकली. उघडाबोडका माळ, जत्रेतला तो दुसरा पाळणा आमच्या पायाखाली, आणि लांब रस्त्यावर मोठा थोरला धुराळा.

मला कुणी विचारलं नव्हतं. पण चार महिने ज्या धुराळ्याची वाट बघितली तो दिसल्यावर बाईच्या तोंडून जे निघतं तेच निघालं. माझा आवाज तसा लग्नात नाव घेताना सुद्धा कुणाला ऐकू आला नव्हता. त्या दिवशी तो कर्ण्याच्या वरताण गेला.

"टँकर आला गं बायांनो! टँकर!"

रांग फुटली. ज्याच्या हाताला जे लागलं, हंडा, कळशी, बादली, ते घेऊन माणसं धावली. जत्रेतली पाळणेवाली तिकिटं टाकून घागर घेऊन धावली. खालच्या पेटीतल्या तिघी उड्या टाकून धावल्या. आणि मामा, ज्यांनी उभ्या आयुष्यात मशीन कधी बेवारस सोडलं नव्हतं, तेही कोपऱ्यातली आमच्या घरची कळशी उचलून धावले. म्हणजे ब्रेकवरचा पाय उचलून.

खालची पेटी रिकामी, वरच्या पेटीत आम्ही दोघी. आणि आम्ही दोघी काही हलक्या नव्हतो. पाळण्यानं एक क्षण विचार केला आणि आम्हाला घेऊन निघाला.

जन्मापासून तो पाळणा पहिल्यांदा पळाला. आम्ही सुर्रकन खाली आलो, दुसऱ्या बाजूनं वर चढलो, परत मागं, परत पुढं. माझी किंचाळी थांबत नव्हती. आत्याबाई दर खेपेला "अगं माय, अगं माय" म्हणत होत्या, पण त्या रडत नव्हत्या, हसत होत्या. झोके घेत घेत शेवटी तळाला येऊन पाळणा थांबला तेव्हा त्यांच्या हातातलं पान जसंच्या तसं होतं आणि माझी एक चप्पल बोटीतल्या शेळ्यांमध्ये होती.

तिकडे रस्त्यावर वेगळंच चाललं होतं. तो धुराळा टँकरचा नव्हताच. पाळणा बघायला निघालेल्या चेरमनसाहेबांच्या जीपचा होता. साहेबांनी समोर बघितलं तर शे-दीडशे बाया हंडे-कळशा घेऊन गाडीवर धावून येतायत. हंडा मोर्चा म्हणजे काय असतं हे आमच्याकडच्या पुढाऱ्याला शिकवावं लागत नाही. जीप थांबली. साहेब दोन्ही हात वर करूनच उतरले.

"बायांनो, थांबा! तुमचं म्हणणं मला मान्य हाय! उद्यापासून टँकरची दुसरी खेप चालू करतो, शब्द देतो!"

बाया जागीच थबकल्या. एकमेकींकडे बघायला लागल्या. मग पुढची एक म्हणाली, "साहेब, आमी तर टँकर समजून आलतो."

"मी टँकर दिसतो व्हय?"

"धुराळा तर तेवढाच उडला की."

मग जे हसू फुटलं ते बागेपर्यंत ऐकू आलं. चार महिन्यांत त्या माणसांना असं हसताना मी बघितलं नव्हतं. रिकामी भांडी घेऊन, पण जास्तीच्या खेपेचा शब्द पदरात पाडून सगळ्या परत आल्या, साहेबांना मध्ये घालून. पेटीत अजून आम्ही दोघी तशाच बसलेल्या, माझे केस सुटलेले. एका आजोबांनी मामांच्या पाठीवर थाप मारली. "मिस्तरी, पळतो की तुमचा पाळणा! इतके दिवस लपवून कावून ठेवलं?"

मामा ओशाळून कळशीकडे बघत होते. पण आता कुणाला बोलवावं लागलं नाही. समोरासमोरच्या पेट्या बघता बघता भरल्या. पाळणेवाली मांडीवर घागर घेऊन बसली, म्हणाली, "जन्म गेला दुसऱ्यांना बसवण्यात. आज बघते तरी कसं लागतं." माझ्या समोरची पेटी तेवढी राहिली. मामांनी इकडं तिकडं बघितलं. रांगेतल्या बाया हसत मागं सरल्या आणि पुढं उभं राहिलेलं माणूस एकच होतं.

"साहेब," मामा हळूच म्हणाले, "आठवी हाय."

"छे छे, मला चक्कर येते."

आत्याबाई टोकावरच्या पेटीतून ओरडल्या, "ह्याच्यात चक्कर यायला लई वेळ लागतो, साहेब. तवर उतरून बी होतं."

बायांनी साहेबांना हाताला धरून बसवलं. गिअर पडला, मोटर घुमली आणि आठ पेट्यांचा तो डोलारा आपल्या नेहमीच्या चालीनं उठला. कुणी ओव्या म्हणायला लागलं, कुणी वरून आपला बैल ओळखून त्याला हाका मारायला लागलं. साहेब टोकाला गेले तेव्हा टोपी सावरत ओरडले, "मिस्तरी, राहू द्या पाळणा!"

मामांनी ऐकलं. मोटरवरची नजर न काढता त्यांनी नुसती मान हलवली, आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

दिवेलागणीला पाळणेवाली कुंपणाशी आली. "मामा, आता तुमी या माझ्याकडं. तिकीट न्हाई घेनार." एरवी मामा गेले नसते. त्या दिवशी गेले. लाल-हिरव्या दिव्यांतून त्यांची टोपी गरागरा फिरताना आम्ही खालून बघत होतो, मी तर त्यांच्या वाटणीचं किंचाळून घेतलं. उतरले ते खांब धरूनच उभे राहिले.

"कसा वाटला?" तिनं विचारलं.

मामांनी दम घेतला. "डाव्या बाजूचं बेरिंग वाजतंय. ग्रीस कधी घातलंय?"

आणि ते वर्कशॉपातून डबा आणून बाह्या सारून बसले सुद्धा. बाई कंदील धरून शेजारी, तिचा नवरा पाना घेऊन पलीकडं, तिघांचं बोलणं रंगात आलेलं. मी बराच वेळ वाट बघितली. आत्याबाईंनी जिलेबीचा पुडा माझ्या हातात दिला आणि घराची वाट धरली.

"हे काय आता जेवायला येत न्हाईत," त्या म्हणाल्या. "चल, आपण वाढून घिऊ."