खिडकीखालची खाट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण परवापासून माझं डोकं फिरलंय — आणि फिरलंय ते माझ्यावरच.

कर्जतच्या एका कॉलेजात मी शिकवते. परवा तिथं एका कार्यक्रमात विषय निघाला, लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शिकलेल्या मुलांच्या झोपेचा. तुम्ही त्याच बॅचच्या, तुम्हीच बोला, असं आमच्या प्राचार्य मॅडम म्हणाल्या. आणि मी बोलले की! रात्र रात्र डोळा लागायचा नाही, डोकं जड व्हायचं, सकाळ कुठली नि संध्याकाळ कुठली कळायचं नाही. सगळं खरं. लोक हळहळले, टाळ्यासुद्धा वाजवल्या. कसल्या टाळ्या? झोप गेली कुणाची, आणि टाळ्या कुणाला?

खालापूरकडच्या गावात तेव्हा आमचं घर म्हणजे एक खोली आणि मागं चूल. रेंज यायची एकाच जागी, खिडकीखाली. तिथं बाबांची खाट. बाबा रसायनीकडच्या एका केमिकल कंपनीत कंत्राटावर, कायम रात्रपाळी. कॉलेजं बंद झाली, कंपनी काही बंद झाली नाही. सकाळी यायचे, चहा-भाकरी खायचे, आडवे व्हायचे. नेमकं तेव्हाच माझं कॉलेजचं ऑनलाइन लेक्चर.

सुरुवातीला मी खाटेच्या पायाशी बसून ऐकायची. मग बाबांनाच वाटलं, आपलं घोरणं सरांना ऐकू गेलं तर पोरीची लाज जाईल. उशी काखेत मारली आणि म्हणाले, "तुजं होऊ दे गं निवांत. मी पडतो गोठ्यात."

गोठ्यात! तापलेल्या पत्र्याखाली, म्हशीशेजारी, माश्यांत.

आणि मी — आता सांगतेच. रात्रभर मी मोबाईलवर असायची. अभ्यास नाही हो, कसला आलाय अभ्यास! मैत्रिणींशी गप्पा, सिरीयली, नाहीतर नुसतं बोट फिरवत राहायचं. सकाळी डोळे मिटायला लागायचे. एक दिवस लेक्चर लावलं, कॅमेरा बंद, आवाज बंद, दार लोटलं आणि बाबांच्या खाटेवर झोपले. मग रोजच.

बाहेर आई कोंबड्या हुसकायची, शेजारच्या पोरांवर खेकसायची, गप बसा रं, ताईचा लेक्चर हाय. अख्खी आळी माझ्या झोपेसाठी कुजबुजत बोलायची. एकदा, फक्त एकदा दार उघडून म्हणायचं होतं, बाबा, आत येऊन पडा. जीभ झडली होती का माझी? नव्हती. मला झोप हवी होती, बस्स.

बाबांचे डोळे लाल दिसायला लागले. ताटावर बसल्याबसल्या पेंगायचे. आई म्हणायची, दोन दिवस रजा टाका. कंत्राटी माणसाला कोण देतो रजा? शेवटी व्हायचं तेच झालं. पाळीवर त्यांचा डोळा लागला आणि टाकी भरून वाहिली. कुणाला इजा झाली नाही, नशीब. पण साहेबानं दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. माझ्या जन्माआधीपासूनचं काम — गेलं.

त्या सकाळी ते ओट्यावर बसून राहिले. आई पदर तोंडाला लावून रडत होती. मला वाटलं, कळलंय यांना, आता विचारणार. विचारलं त्यांनी, पण भलतंच.

"तुजा एकपण लेक्चर बुडला नाय ना?"

"नाय, बाबा."

"मंग झालं," म्हणाले.

आता ते एका फार्महाऊसची राखण करतात आणि येईल त्याला अभिमानानं सांगतात, पोरीनं एक लेक्चर बुडवला नाय. मी शेजारी उभी असते. हसते. स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटते, पण हसते.

आणखी एक राहिलं. हे सांगितलं नाही तर बाकीचं सांगण्यात काही अर्थ नाही. काम गेल्यावर दुसऱ्या दिवशी बाबा घरीच होते. लेक्चरची वेळ झाली तसे उठले, मला आडकाठी नको म्हणून बाहेर गेले, जाताना दार ओढून घेतलं. मी लेक्चर लावलं. आवाज बंद केला. आणि झोपले — त्या दिवशीसुद्धा. छान झोप लागली.