गडबच्या पुढे न गेलेली बस

"मी कशाला हात लावला नाय."

दुकानाच्या पायरीवर पाय ठेवतानाच काका हे म्हणायचे. मी अजून काही विचारलेलंही नसायचं. काखेत गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर, कपाळावर घाम आणि तोंडात हे वाक्य. न विचारता असं सांगणाऱ्या माणसानं हात लावलेलाच असतो, हे तुम्हालाही ठाऊक असेल. मला तर धंद्यामुळे ठाऊक असायलाच हवं होतं. तरी मी विश्वास ठेवला. त्याचा राग अजून येतो.

पेणला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काका रोह्याचे. रोह्याजवळच्याच धाटावच्या एका कंपनीच्या बसवर ते ड्रायव्हर होते. शिफ्टच्या माणसांना पेणहून न्यायचं आणि परत सोडायचं, यात त्यांची नोकरी संपली. निवृत्तीनंतर त्यांनी माझ्याकडून एक जुनं ग्राफिक्स कार्ड नेलं, बस चालवायच्या गेमसाठी. कुणा हौशी माणसानं त्या गेममध्ये रोहा-नागोठणे-पेण रस्ता जसाच्या तसा बसवला होता. काकांनी स्टिअरिंग आणलं, तीन मॉनिटर जोडले. मधला म्हणजे समोरची काच, उजवा म्हणजे ड्रायव्हरची खिडकी, डावा म्हणजे दरवाजाची बाजू.

आणि गेम पेणच्या अलीकडे, गडब गावाशी बंद पडायला लागला. दर वेळी गडबच. आधी चित्र थिजायचं, मग तिन्ही पडदे काळे.

"कार्ड तुझा हाय, तूच बघ," म्हणत ते कॉम्प्युटर माझ्या टेबलावर ठेवायचे.

मी बघायचे. माझ्या मॉनिटरला जोडून दुपारभर गेम चालू ठेवायचे, एकदाही बंद पडला नाही. घरी नेला की गडबला बंद. मी पॉवर सप्लाय बदलला, रॅम बदलली, विंडोज पुसून नव्यानं टाकलं. काही उपयोग नाही. एकदा दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना ते म्हणाले, "तुझ्याकडं बरा चालतो, माझ्याकडं मरतो. तुला जमत नाय गो बाय." माझं डोकं फिरलं. मी गिऱ्हाइकांना वाटेला लावलं, शटर ओढलं आणि त्यांच्या स्कूटरमागे माझी स्कूटर घेऊन थेट रोह्याला गेले.

दार काकींनी उघडलं. आतल्या खोलीत टेबलावर तीन वेगवेगळ्या मापांचे मॉनिटर होते. मधल्यासमोर काकांची खुर्ची आणि डाव्यासमोर प्लास्टिकची आणखी एक. काकांनी वायरी जोडल्या, कॉम्प्युटर सुरू केला. मग सवयीनं हात भिंतीवरच्या किल्ल्यांच्या खिळ्याकडे गेला, तिथून एक पेन ड्राइव्ह काढला आणि लावला. मी मागे उभी आहे हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. पडद्यावर कार्डचा वेग वाढवायचं सॉफ्टवेअर उघडलं होतं आणि त्यातली वेगाची खूण उजव्या टोकाला भिडली होती.

"काका, हे काय?"

"हा? हा असाच हाय."

"माझ्याकडे आणताना दर वेळी काढून आणायचात?"

काकी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "व्हय तर. कंपनीतबी हाच धंदा. बसला स्पीडचा लॉक असायचा. तपासणीला न्यायच्या आधी लावायचा, गाडी परत आली का काढायचा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस मी चांगल्या कॉम्प्युटरमधला बिघाड शोधत बसले होते! मी आवाज चढवूनच सांगितलं की कार्डला झेपेल त्याच्या वर पळवता आणि वर तीन पडदे ओढायला लावता. गडबपर्यंत ते तापतं आणि बसकण मारतं. माझ्याकडे वाढवलेला वेगही नसतो आणि तीन पडदेही नसतात, मग बंद पडेल कसं? आता एक तर वेग होता तसा करा, नाहीतर डावा मॉनिटर काढा.

"डावा नाय काढायचा!" काका ओरडले. "आन लॉक पन नाय लावायचा. माझ्याच घरात मला लॉक?"

"डावा का नाही काढायचा?"

उत्तर काकींनी दिलं. काकांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी कंपनीनं काकींना बसमध्ये बसायची परवानगी दिली होती. एरवी बाहेरचं माणूस चालत नसे. दरवाजाजवळच्या डाव्या सीटवर त्या बसल्या. पेणला कामगार सत्कार करणार होते. "मला दाखवायला लॉक काढून पळवली. गडबला इंजिनातनं धूर. माणसा टेंपोनं गेली, हे गाडीजवळ बसले, न मी ह्यांच्यासाठी नेलेला हार पिशवीत घालून एसटीनं घरी. तवापासनं मला पेणला न्यायचा खूळ. माझी बहीण हाय पेणला, मी कवापन जाते."

"माझ्या गाडीतनं नाय गेलीस," काका म्हणाले.

मला त्यांची कीव आली, पण राग जास्त आला. पोचायचंय ना, मग हळू जा! मी वेग मूळ आकड्यावर आणला, पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि निघाले. "तू पन कंपनीचीच," इतकंच ते म्हणाले. त्यानंतर ते दुकानात आले नाहीत.

मग एकदा काकींचा फोन आला. काका गेले होते, छातीत कळ येऊन. दिवसकार्य उरकल्यावर मी भेटायला गेले. काकींनी मला आतल्या खोलीत नेलं आणि कॉम्प्युटर लावून बघायला सांगितलं. तेच सॉफ्टवेअर परत घातलेलं, खूण पुन्हा उजव्या टोकाला. हार घातलेल्या फोटोसमोरच माझ्या तोंडून निघालं, "काय हा मूर्ख माणूस!"

"बोल," काकी म्हणाल्या. "मी रोज बोलते."

मी वेग उतरवला. काकी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. "चल, बघू तरी."

मी कधी बस चालवलेली नाही. नागोठण्याला कठड्याला घासली, मागच्या गाड्या हॉर्न मारत पुढे गेल्या. जाऊ देत. गडब आलं तेव्हा मी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं होतं. गडब मागे पडलं. काकी डाव्या पडद्यावरून नजर हलवत नव्हत्या. पेणच्या स्टँडवर मी गाडी उभी केली.

"पोचलो?"

"पोचलो, काकी."

"येवढाच होता." त्यांचा आवाज रागानं कापत होता. "जरा सावकाश आनली असती तर काय झाला असता गो त्यांना?"

काकींनी पदरानं तोंड पुसलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "दार उघड. उतरते मी."

मी एक बटण दाबलं, हॉर्न वाजला. दुसरं दाबलं, वायपर सुरू झाले. मग दिसेल ते दाबत सुटले. डाव्या पडद्यावरचं दार बंदच होतं आणि काकी त्याच्यासमोर बसून होत्या. दार कुठल्या बटणानं उघडतं, हे त्या माणसानं आम्हा दोघींपैकी कुणालाच सांगितलं नव्हतं.