प्रॉम्प्टरच्या खड्ड्यातली अमेरिका

मी खड्ड्यात बसलो होतो. डोक्यावर लाकडी झाकण, मांडीवर नाटकाची झेरॉक्स आणि नाकासमोर एका इंग्रज कप्तानाचे पाय. कप्तानाने कोल्हापुरी चपला घातल्या होत्या.

तिथे मी का होतो, ते आधी सांगतो. भंडाऱ्याच्या कॉलेजात मी इतिहास शिकवतो. माझा विषय म्हणजे अमेरिकेचा आरंभकाळ, इंग्रज जहाजांतून उतरून किनाऱ्यावर वस्त्या करत होते तो. यावर मी तीन पुस्तकं लिहिली. पहिल्या दोन पुस्तकांवर स्टाफरूममध्ये भरपूर थट्टा झाली. वैनगंगेच्या काठावर बसून हा माणूस अमेरिका कशाला उकरतो, असं सहकारी मला तोंडावर विचारायचे. तिसऱ्याला राज्यस्तरीय पुरस्कार मिळाला, तेव्हा तेच सहकारी पेढे मागायला आले.

पेपरातली ती बातमी वाचून नामदेवभाऊ घरी आले. ते नाटक कंपनीचे मालक. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, आणि मंडई म्हटली की नाटक हवंच. भाऊंना नवीन नाटक हवं होतं आणि अमेरिका अजून कोणी केली नव्हती. माझ्या पुस्तकावरून त्यांनी परस्पर नाटक लिहून घेतलं. नाव ठेवलं ‘सातासमुद्रापलीकडचं कुंकू’. मी हरकत घेतली.

‘‘सर, कुंकवाबिना बाया येत नाहीत जी नाटकाले,’’ भाऊ म्हणाले. विषय संपला.

पहिला प्रयोग कोंढ्याच्या मंडईत होता. रात्रीचा वेळ मोठ्या कंपनीने धरलेला, म्हणून आम्हाला दुपार मिळाली. आसपासच्या गावांतल्या नाट्यमंडळांची माणसं पुढच्या रांगेत होती. त्यांना आवडलं तर बुकिंग, नाही आवडलं तर कंपनी सीझनभर घरी. भाऊंनी दुसरं नाटक बसवलंच नव्हतं. कंपनीतल्या सगळ्यांची चूल या एका दुपारवर होती.

आणि त्याच दिवशी प्रॉम्प्टरचा घसा बसला.

प्रॉम्प्टर हा आमच्याकडच्या नाटकाचा कणा. नट एका सीझनमध्ये बरीच नाटकं करतात, तालमी जेमतेम होतात. स्टेजच्या पुढच्या भागात एक खड्डा असतो. त्यात प्रॉम्प्टर बसतो आणि प्रत्येक वाक्य नटाच्या आधी हळूच वाचतो. नट ते ऐकतो आणि त्यात जीव ओतून प्रेक्षकांना देतो. खड्ड्यातून आलेलं वाक्य नट तपासत बसत नाही. तेवढा वेळच नसतो.

‘‘तुमीच बसा सर,’’ भाऊ हात जोडून म्हणाले. ‘‘पुस्तक तं तुमचंच हाय. पाठच असन तुमाले.’’

नाटक मी खड्ड्यातच पहिल्यांदा वाचलं. रेड इंडियन लोकांचा प्रमुख हा गावचा पाटील केला होता. पाटलाची मुलगी कप्तानाच्या प्रेमात. पहिल्याच प्रवेशात ती त्याला विचारते, ‘‘हे परदेशी पाहुण्या, चहा घेणार?’’

वाक्य मी वाचलं. पण वीस-पंचवीस वर्षं विद्यार्थ्यांचे पेपर तपासलेला माणूस मी. तोंडातून निघून गेलं, ‘‘चहा तिथे तेव्हा पोचलेलाच नव्हता.’’

पाटलाची मुलगी झालेल्या संगीताबाईंनी पदर सावरला आणि खणखणीत आवाजात म्हटलं, ‘‘हे परदेशी पाहुण्या, चहा घेणार? चहा इथे अजून पोचलेलाच नाही!’’

मंडप हसला. मी झेरॉक्समध्ये नाक खुपसलं. ठरवलं, आता फक्त वाचायचं. पण लगेच कप्तान गुडघ्यावर बसला आणि पाटलाच्या मुलीसाठी राजाची नोकरी सोडतो म्हणाला. हे मला सोसलं नाही.

‘‘याला समकालीन पुरावा नाही,’’ मी पुटपुटलो.

कप्तान झालेल्या दिगांबरने छातीवर हात ठेवला, मान वर केली आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा हुंदका काढला. ‘‘प्रिये, याला समकालीन पुरावा नाही!’’

शिट्ट्या पडल्या. विंगेतून नामदेवभाऊ रांगत खड्ड्याजवळ आले.

‘‘सर, काय करून राहिले तुमी?’’

‘‘चुकीचं आहे हे, भाऊ.’’

‘‘असू द्या ना जी चुकीचं! सीझन मरून राहिला माहा!’’

मला फार वाईट वाटलं. पुढचा सगळा अंक मी इमानदारीने वाचला. स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही. आणि नाटक पडायला लागलं. लोक जांभया देऊ लागले. पुढच्या रांगेतला एक जण जिलेबीच्या दुकानाकडे बघत उठला. भाऊ पुन्हा रांगत आले.

‘‘सर, बोला ना काही! काढा चुका!’’

‘‘आत्ताच तुम्ही...’’

‘‘आत्ता गेलं चुलीत! हसत होते लोकं. काढा!’’

मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी चुका काढायची विनवणी करत होतं. मग मी मागे हटलो नाही. घोड्यावर बसलेल्या पाटलाने स्वतःच जाहीर केलं की त्या किनाऱ्यावर घोडे अजून जहाजांतून यायचे होते. दिगांबरने तलवार उपसली आणि सांगितलं, प्राथमिक साधन म्हणजे त्या काळच्या माणसाने त्याच काळात लिहून ठेवलेला कागद. त्यावर टाळ्या आल्या. हेच वाक्य मी दरवर्षी वर्गात सांगतो, तेव्हा मागची बाकं मोबाइल बघतात.

शेवटचा प्रवेश लग्नाचा. गोरे आणि पाटलाची माणसं एका पंगतीत जेवतात, मग सगळे नाचतात, पडदा. पंगत बसली. तेवढ्यात प्रेक्षकांतला एक म्हातारा उभा राहिला. डोक्याला दुपट्टा, हातात काठी. नदीवर धरण झालं तेव्हा या भागातली काही गावं उठून दुसरीकडे गेली, त्यांतल्या एका गावचा तो, हे मला मागून कळलं. आमच्याकडे प्रेक्षक नटांशी बोलतात, त्यात कोणाला वावगं वाटत नाही.

‘‘कप्तानसाहेब,’’ तो म्हणाला, ‘‘तुमी लोकं येथी राहाले आले. मंग या पाटलाच्या लोकाइले नवीन गावठाण कोठी देलं?’’

दिगांबरने खड्ड्याकडे पाहिलं. झेरॉक्सवर फक्त ‘सर्व नाचतात’ एवढंच होतं. विंगेतून भाऊ डान्स सुरू करायची खूण करत होते. नाच लावला असता तर सगळं हसतखेळत संपलं असतं, बुकिंगही झालं असतं. पण प्रश्न माझ्या विषयातला होता आणि उत्तर मला माहीत होतं.

‘‘नाही दिलं,’’ मी म्हणालो.

‘‘नाही दिलं,’’ दिगांबर म्हणाला. या वेळी त्याने हात छातीवर नेला नाही.

‘‘मंग गेले कोठी ते?’’

‘‘जिथे जागा मिळाली तिथे. शेतं आणि नदीकाठ सुटला.’’

दिगांबरने तेही सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली. ‘‘हौ,’’ म्हणाला आणि खाली बसला. मंडपात कोणी हसलं नाही. मघाशी जिलेबीसाठी उठलेला तो माणूस अजून तिथेच होता.

डान्स झालाच. भाऊ तो सोडणारे नव्हते. पण पडद्यानंतर मंडळांची माणसं आत आली आणि एकच अट घालू लागली: ‘‘ते पुराव्यावाले सर येत असन तं घेतो.’’ सीझन भरला. आता आमच्या जिल्ह्यात शहापूरपासून पवनीपर्यंत भिंतींवर पोस्टर आहे. खाली छापलंय, ‘खड्ड्यात: अमेरिकेचे पुरस्कारप्राप्त इतिहासकार’. प्राचार्यांनी ते पाहिलं. स्टाफ मीटिंगमध्ये ते एवढंच म्हणाले की पोस्टरवर कॉलेजचं नाव नको.

घरी मी माझं ते पुरस्कारवालं पुस्तक काढून पाहिलं. जमिनी कशा गेल्या यावर त्यात अख्खं प्रकरण आहे. करार, सह्या, साक्षीदार, पानापानाला तळटिपा. म्हाताऱ्याने ते वाचलं असतं तर शेवटी पुन्हा तोच प्रश्न विचारला असता.

दुसरी आवृत्ती निघते आहे. प्रकाशकाने फोनवर विचारलं, ‘‘सर, बदल किती?’’

‘‘दोन शब्द. त्या प्रकरणाच्या सुरुवातीला. ‘नाही दिलं.’’’

‘‘दोन शब्दांसाठी सगळं प्रकरण छपाईला पुन्हा लावायचं?’’

‘‘हो,’’ म्हटलं. ‘‘आधी उत्तर, मग तळटिपा.’’