काळीज उजवीकडे

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शरीररचना आणि शरीरक्रिया मिळून एकच पेपर होता, आणि त्या पेपराने माझ्या डोक्यात चांगलीच हवा भरली. हाडांची नावं पाठ झाली तशी मी घरात कुणाला सुखाने बसू देईना. वडील संरक्षण कारखान्यातून येऊन पाय चोळू लागले, की मी पोटरीच्या स्नायूचं नाव सांगायची. आई म्हणायची, "नाव घेतल्यानं दुखायचं थांबतं का? तेल लाव." आई दहावी शिकलेली. तिचं बोलणं मी कानाआड करत असे.

आम्ही साताऱ्याकडचे. चेन्नईत अंबत्तूरला वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. खाली घरमालकीण, साठी उलटलेली तंजावरची मराठी बाई. सगळे त्यांना मामी म्हणत, म्हणून आम्हीही. त्यांचा मुलगा श्रीपेरुंबुदूरला कामाला, सकाळी कंपनीच्या बसने जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. मामींचं मराठी अर्धं तमिळ आणि उरलेलं पोथीतलं. आमचं मराठी त्यांना बाजारी वाटायचं. तरी आईचं आणि त्यांचं एकमेकींशिवाय पान हलत नसे. रविवारी आमच्याकडे काय शिजतं ते मामी विचारत नसत आणि आम्हीही सांगत नसू.

माझ्या कॉलेजच्या एका सुट्टीच्या दिवशी, आई मंडईत गेलेली असताना, मामी जिन्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"कण्णा," त्या मला लाडाने अशीच हाक मारत, "सकाळपासून काळजांत दुखतें आहे."

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. पहिला पेशंट. आमच्या घरी काळीज म्हणजे मटणवाला वेगळं बांधून देतो ते, आणि पुस्तकात तेच लिव्हर, उजवीकडे, बरगड्यांच्या खाली. मी त्यांना खुर्चीत बसवून नेमकं तिथे दाबलं.

"इथे का?"

"सगळेंच दुखतें."

आदल्या दिवशी त्यांनी लग्नात वडे खाल्ले होते. मी निदान करून मोकळी झाले. ओव्याचं गरम पाणी दिलं आणि पडून राहायला सांगितलं.

"मुलास फोन करूं?" त्यांनी विचारलं.

"एवढ्यासाठी कशाला? शिफ्ट सोडून येईल बिचारा."

"सरि, बरें," म्हणून त्या आत गेल्या.

मामींच्या घरात पिढ्यान् पिढ्या मांस शिजलेलं नव्हतं. त्यांच्या काळजाचा मटणवाल्याशी काय संबंध? त्या हृदयाबद्दल बोलत होत्या. हे मला कळायला हवं होतं, कारण काळजात धस्स झालं असं आम्हीही म्हणतोच. पण मला पुस्तक चढलं होतं.

तीन तासांनी आई कढीलिंब द्यायला खाली गेली. मामी घामाने भिजलेल्या, डावा हात छातीशी धरलेला. आईने एकही प्रश्न न विचारता रिक्षा बोलावली. रिक्षात मी मामींची नाडी धरली होती. मोजताना आकडा पुन्हा पुन्हा चुकत होता.

डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मग म्हणाले, उशीर केलात, हृदयाचा थोडा भाग गेला. त्या वाक्याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती. मेलेला हृदयाचा स्नायू पुन्हा वाढत नाही, हे मी परीक्षेत लिहून आले होते.

मामी घरी आल्या. चार पावलं चालल्या की भिंतीला हात लावून उभ्या राहायच्या. त्यांच्या मुलाने मला हात जोडले, "तुम्ही होतात म्हणून आई वाचली." मी मान डोलावली. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. पंधरा दिवस मी मामींच्या दारावरून खाली मान घालून जात होते.

शेवटी एका सकाळी त्या पालेभाजी निवडत बसल्या होत्या तेव्हा समोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. मटणवाल्यासकट. त्यांचा हात थांबला नाही.

"मला ठाऊक आहे. इस्पितळांतच समजलें."

"मग मला काही बोलला का नाहीत?"

त्यांनी एक जून देठ मोडून बाजूला टाकला.

"लेकास सांगूं नको. तो तुम्हांस घर खालीं करायला लावील. मग दिवसभर मी मराठी कोणाशीं बोलूं?"