पुठ्ठ्याच्या आडोशामागे आई

मी मालिका बघतो आणि मोजतोही. संध्याकाळी सातच्या मालिकेचे सहाशे चौदा भाग झाले. त्यात लग्नं पाच झाली, स्मृती तिघांची गेली, पण मत द्यायला कोणी एकदाही गेलं नाही. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "दाखवत नाहीत म्हणून काय झालं? कोण काय करेल ते कळतंच की."

"सासरा?"

"तो कसला मत देतोय. सुट्टी बघून लोणावळ्याला पळेल."

"आणि थोरली सून?"

"ती घरात एकाचं नाव घेईल आणि आत भलत्यालाच देईल. नवऱ्याला जन्मात कळायचं नाही."

आई सत्त्याऐंशीची. वाकोल्यात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. पंच्याऐंशीच्या पुढच्यांना घरीच टपाली मतपत्रिकेवर मत देता येतं, म्हणून या वेळी मी तिचा अर्ज भरला. अडचण एकच होती. दोन वर्षांपासून तिचा उजवा हात थरथरतो. चहा आम्ही अर्धा कपच देतो. खूण दोन रकान्यांत गेली तर मत बाद.

पाच माणसं आली. एक पोलीस, एक चित्रीकरण करणारा, बाकी कर्मचारी. आई बुद्धपौर्णिमेला नेसते ती पांढरी साडी नेसून बसली होती. टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला. तिचा हात बघून अधिकारी बाई म्हणाल्या, "आजी, मुलानं खूण केली तरी चालेल. नियमात बसतं."

मी पेन हातात घेतलंही होतं.

"त्याला कशाला?" आई म्हणाली. "तो सगळं वहीत लिहून ठेवतो."

पोलीससुद्धा हसला. मी पेन तिला दिलं.

मला फक्त तिची पाठ दिसत होती. डाव्या हातानं तिनं उजवं मनगट धरलं होतं. सात मिनिटं लागली. मग तिनं कागद स्वतः दुमडला, पाकिटात घातला आणि चिकटवला.

"रकान्याच्या आत जमलं का गं?" ते गेल्यावर मी विचारलं.

"माझं मी बघितलंय."

तिचा रक्तदाब, गोळ्यांच्या वेळा, चष्म्याचा नंबर मला पाठ आहे. तिचं मतही मला ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात माझ्या चोपन्न वर्षांत तिनं ते एकदाही सांगितलेलं नाही. दोन खोल्यांच्या घरात, कॅमेऱ्यासमोर, एवढ्या माणसांत आईनं स्वतःपुरती एक जागा केली आणि तिथे आम्हा कोणालाच येता आलं नाही.

निकालात बाद टपाली मतांचाही आकडा होता. मी तो बराच वेळ बघत राहिलो. त्यात तिचं मत आहे की नाही, हे कोणीच सांगू शकणार नव्हतं.

"मोजलं ना रे माझं?" आतून आईनं विचारलं.

"मोजलं," मी म्हणालो. त्याआधी खात्री न करता मी कधी आकडा सांगितला नव्हता.