गिरणीतली बाटली

सार्वजनिक आरोग्याची पदवी हातात पडली तेव्हा साक्षीला वाटलं होतं, आता आपण मोठमोठ्या साथी आवरणार. वर्गातली यशश्री केनियात मच्छरदाण्या वाटत होती, मयुरेश बांगलादेशात शाळकरी पोरांना हात धुवायला शिकवत होता, आणि साक्षी सायखेड्यापलीकडच्या एका गावात डासांच्या अळ्या शोधायला लोकांची पिंपं बघत हिंडत होती. हिंडत होती खरी, पण बघायला काही मिळत नव्हतं.

चूक तिचीच. ती वाढली नाशिकच्या कॉलनीत, तिथे नळ रोज. इथे चार दिवसांनी. पहिल्याच दिवशी तिने वही उघडून दारोदार विचारलं, घरात पाण्याची पिंपं किती? संध्याकाळपर्यंत गावभर झालं की ही पाणी मोजायला आली आहे, ज्याच्याकडे जास्त निघेल त्याचा नळ बंद. दुसऱ्या दिवशी पिंपं गायब. कुणी गोठ्यात ढकललं, तर कुसाबाईने पिंपावर फळी आणि गोधडी टाकून वर सासऱ्यालाच बसवलं. म्हाताऱ्याला उठा म्हणायचं कसं, हे अभ्यासक्रमात नव्हतं. वहीत अळ्या शून्य, आणि गावात डेंग्यूचे नऊ रुग्ण.

साक्षीला सगळ्यात जास्त काळजी पिंकीची. पिठाच्या गिरणीवाल्या शकुबाईंची ही सून, सातवा महिना लागलेला. अशात डेंग्यू झाला तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका. शकुबाईंना हे तिने तीनदा समजावलं. त्यांनी तिन्ही वेळा चहा पाजला आणि घरात पिंपच नाय म्हणून सांगितलं. गव्हाच्या पोत्यांमागून मात्र पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता.

अळ्या दिसल्याशिवाय गाव पाणी ओतणार नाही, आणि पिंप उघडल्याशिवाय अळ्या दिसणार नाहीत. या विचारात ती गावच्या आरोग्य उपकेंद्रात डबा खात बसली होती. शेजारी मे महिन्यापासून बंद पडलेला कूलर. सहज आत डोकावली, तर खाली साचलेल्या पाण्यात अळ्यांची शाळा भरलेली. आधी ती शरमेने लाल झाली. मग हसू आलं.

दुसऱ्या सकाळी गिरणीच्या फळीवर एक काचेची बाटली आली, तोंडाला जाळीचं कापड बांधलेली. आत अळ्या वळवळत होत्या. साक्षी एवढंच म्हणाली, "या गावातल्याच पाण्यातल्या आहेत. नाव मात्र सांगणार नाही."

यात खोटं काहीच नव्हतं.

दळणाला आलेली प्रत्येक बाई आधी बाटलीत बघायची, मग दुसरीकडे. अक्काबाई म्हणाली, ह्या कुसाबाईच्याच असणार. कुसाबाईने दळण तिथेच ठेवलं आणि घरी जाऊन सासऱ्याला उठवलं. तिसऱ्या दिवशी बाटलीत पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांचे, डेंग्यूचे डास उडू लागले. त्या संध्याकाळी गल्ल्यांतून पाण्याचे ओहोळ वाहिले आणि पिंपं घासल्याचा खरखराट ऐकू आला.

चौथ्या दिवशी शकुबाई उपकेंद्रात आल्या. खुर्चीत न बसता कूलरभोवती एक फेरी मारली.

"ताई, ह्याच्यावर परवापर्यंत बोटभर धूळ व्हती. आज लय चकाकतोय."

गावाला कळलं, तर पिंपं पुन्हा गोधडीखाली जाणार आणि पिंकीच्या उशाशी डास फिरणार. तरीही तिने खरं सांगून टाकलं, अळ्या याच कूलरमधल्या.

शकुबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "मी म्हटलं, माझ्याच पोत्यांमागच्या हायत. चार रोज धड झोपले नाय. गपचूप समदं ओतून पिंप घासलं."

"मावशी, सांगणार का गावाला?"

"मी नाय. तूच सांग. पण आधी ह्यो कूलर गिरणीसमोर आणून घास. मंग तुझ्यावर कोण रागवंल?"

साक्षीने तसंच केलं. तेव्हापासून नळ यायच्या दिवशी सकाळी गाव उरलेलं पाणी ओतून पिंपं घासतं. सुरुवात कूलरपासून होते. साक्षी ब्रश चालवते, पिंकी खुर्चीत बसून कोपरे दाखवते. तिला ताप आला नाही, आणि महिन्याभरात नवा रुग्णही निघाला नाही. शकुबाई साक्षीचीच वही उघडून करड्या आवाजात विचारतात, "बोला मॅडम, घरात पिंपं किती?"