आप्पांनी हात खाली घेईपर्यंत

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. बी.एस्सी., फिजिक्स. अंगात येणं, उतारा, करणी... असलं काही निघालं की गल्लीतली माणसं माझ्याशी वाद घालायचं टाळतात, इतका मी या बाबतीत कडक. तरी हे लिहितोय, कारण घडलं ते माझ्या डोळ्यांसमोर.

सोलापूर, साखर पेठ, आमची पुढची खोली. रविवार, दुपारची जेवणं झालेली. मी मागवलेली नवी रेकॉर्ड आदल्या दिवशीच आली होती — परदेशातला एक बँड, जुन्या ढंगाचा फंक, म्हणजे ठेक्याचं नाचरं संगीत, वाजवतो. गाणारं कोणी नाही. नुसते ड्रम, गिटार, ऑर्गन, ट्रंपेट. छोटी सिंगल. एका बाजूला एकच ट्यून, तीनेक मिनिटांची.

आमचे आप्पा लग्नातल्या ब्रास बँडचे मास्तर. अर्ध्या सोलापूरच्या वराती त्यांनी वाजवल्या. फक्त अक्काच्या लग्नात वाजवलं नाही. तिनं स्वतःच्या पसंतीनं सांगोल्यात लग्न केलं, आप्पा गेले नाहीत, आणि तिनंही पुन्हा आमचा उंबरा ओलांडला नाही. आता लकव्यानं आप्पांची वाचा गेलेली. त्या दिवशी अक्का आणि दाजी पहिल्यांदा येणार होते. "आप्पांनी तोंड फिरवलं तर आल्या पावली परत जाईन," असं तिनं फोनवर बजावलं होतं.

वाट बघत मी रेकॉर्ड लावली. खाटेवरच्या आप्पांनी डावा हात वर केला — मास्तर बँडला 'चालू ठेवा' म्हणून करतो, तसा.

"बघ की, मास्तर जागं झालं!" आई हसली.

ट्यून संपत आली. सुई आतल्या कोऱ्या भागात गेली... आणि बँड वाजतच राहिला. मी वाकून पाहिलं. तिथं नुसती खरखर यायला हवी. सुई जागच्या जागी, खाली रेकॉर्ड फिरतेय, ट्रंपेट चालूच. आप्पांचा हातही खाली येत नव्हता.

"बंद कर ते, हात दुखंल त्यांचा," आई म्हणाली. मी बटणाकडे गेलो, तर आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तिथंच थांबलो.

तेवढ्यात दारात अक्का. मागं दाजी, हातात डाळिंबाची पिशवी.

"लई लांबलचक गाणं हाय की," दाजी म्हणाले, "गल्लीच्या तोंडापासनं ऐकत आलोय."

अक्का पायरीवरच अडलेली. "येऊ का?"

आई ओरडलीच, "अगं, इचारतीस काय! जोडी आत आल्याबिगर मास्तर बाजा थांबवत न्हाय. ये की, हात गळाया लागला बापाचा!"

दोघं उंबरा ओलांडून आत आली. आप्पांनी हात खाली घेतला. बँड थांबला. मग नुसती खरखर... आणि अक्काचं रडणं. आप्पांनी तोंड फिरवलं नाही.

नंतर ती रेकॉर्ड मी कितीदा तरी लावली. दरवेळी वेळेवर संपते. प्लेअर खोलून बघितला. कॉलेजातल्या सरांना विचारलं, तर म्हणाले, भास असेल. सगळ्या घराला एकच भास? आणि दाजींना गल्लीच्या तोंडाशी?

कारण मला आजही माहीत नाही. कुणाला सापडलं तर जरूर कळवा — फक्त अक्काच्या कानावर घालू नका. ती म्हणते, "माझ्या लग्नात आप्पांचा बँड वाजला. मला तेवढं पुरं."